उन्हाळ्यात गाडीत कुठलं ऑइल: १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-४०?

मार्च संपत आला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजमध्ये एक वाक्य हमखास कानावर पडतं, "उन्हाळा हाय, जरा जाड ऑइल टाकूया." सांगणारा मेस्त्री मनापासून सांगत असतो आणि जुन्या गाड्यांना ते बऱ्यापैकी लागूही पडायचं. पण समोर ॲक्टिव्हा उभी असेल तर हा सल्ला चुकतो, आणि बुलेट असेल तर त्याची गरजच नसते. म्हणून आधी डब्यावरचे आकडे काय सांगतात ते बघूया.

डब्ल्यू म्हणजे विंटर. १०डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे २५ अंशांना होते, २०डब्ल्यूची उणे १५ ला. कोल्हापुरात ऐन थंडीतही पारा शून्याच्या जवळपास जात नाही, त्यामुळे या आकड्यावरून आपण फार डोकं शिणवायला नको. सकाळी पहिल्या किकला १०डब्ल्यू थोडं लवकर वरपर्यंत पोचतं, एवढा फायदा खरा. आपल्या कामाचा आकडा दुसरा. तो ऑइल १०० अंशांना किती घट्ट राहतं ते सांगतो. ३० ग्रेडचं ऑइल तिथं ९.३ ते १२.५ सेंटीस्टोक्समध्ये (हे घट्टपणा मोजायचं एकक) बसतं, ४० चं १२.५ ते १६.३ मध्ये, ५० चं १६.३ ते २१.९ मध्ये. म्हणजे दोन ग्रेडच्या सीमा एकमेकींना चिकटून आहेत, आणि चांगलं ३० आणि हलकं ४० यांत फरक नावालाच उरतो.

आता उन्हाळ्याचं. आपल्याकडे जानेवारीची दुपार तिशीच्या आसपास असते आणि एप्रिलची ३७-३८. बाहेरचा फरक सात-आठ अंशांचा. पाण्यानं थंड होणाऱ्या इंजिनात थर्मोस्टॅट तापमान धरून ठेवतो, तिथं ऑइलला हा फरक जवळजवळ कळतच नाही. त्यामुळे कारवाल्यांनी उन्हाळ्यासाठी ग्रेड बदलायचं कारण नाही. नव्या पेट्रोल कारना कंपनी ०डब्ल्यू-२० इतकं पातळ ऑइल सांगते ते बघून पुष्कळांना धडकी भरते, पण त्या इंजिनातल्या फटी आणि ऑइलचा पंप त्याच हिशेबानं केलेले असतात. डिझेलला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, असेल तर ग्रेडइतकंच कमी राखेचं ऑइल बघा, नाहीतर फिल्टर तुंबतो.

खरा प्रश्न हवेवर थंड होणाऱ्या दुचाकीचा. चैत्र पौर्णिमेला डबलसीट, मागं पिशव्या, दुसऱ्या गिअरमध्ये रखडत जोतिबाचा डोंगर चढताना इंजिनाला वारा मिळत नाही आणि ताण मात्र पुरेपूर असतो. माझ्या जुन्या शंभर सीसीच्या गाडीनं एकदा तिथंच आवाज करायला सुरुवात केली. मला वाटलं ३० ग्रेड पातळ पडलं. पार्किंगला डिपस्टिक काढली तर ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. दोन महिने मी ते बघितलंच नव्हतं. कमी ऑइल म्हणजे तेवढीच उष्णता थोड्या ऑइलनं वाहायची, मग ते कुठल्याही ग्रेडचं असो. तेव्हापासून घाटाला निघताना मी आधी डिपस्टिक बघतो: गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी, इंजिन तीन-चार मिनिटं चालवून बंद करायचं, दोन-तीन मिनिटं थांबायचं, आणि स्प्लेंडर किंवा ॲक्टिव्हासारख्या गाडीत डिपस्टिक न फिरवता नुसती टेकवून बघायची.

मग १०डब्ल्यू-३० की २०डब्ल्यू-४०? स्प्लेंडरला कंपनी १०डब्ल्यू-३० सांगते. गाडी तब्येतीत असेल आणि रोजचं जाणं राजारामपुरी ते शिरोली एमआयडीसी असेल तर तेच ठेवा. पिकअप हलका राहतो, ॲव्हरेज टिकतं. गाडी लाखभर किलोमीटर पळालेली, ऑइल पिणारी, आणि आंबा घाट किंवा गगनबावड्याला वरचेवर ओझ्यासकट जाणारी असेल, तर मॅन्युअलमधल्या तक्त्यात ४० ग्रेड दिलेलं आहे का बघा. असेल तर ते बिनधास्त घ्या. १५० अंशांना, ऑइल जोरात घासलं जात असताना घट्टपणा मोजणाऱ्या कडक चाचणीत ३० ग्रेडला किमान २.९ मिलिपास्कल-सेकंद लागतात, २०डब्ल्यू-४० ला ३.७. घाटात बेअरिंगवर थर टिकतो तो या फरकानं. पल्सरला बरीच वर्षं २०डब्ल्यू-५० आणि बुलेटला १५डब्ल्यू-५० कंपनीनंच दिलंय, त्यावर आणखी जाड काही शोधू नका.

ॲक्टिव्हाचं गणित वेगळं. तिला १०डब्ल्यू-३०, पण जासो एमबी. जासो हे दुचाकीच्या ऑइलचं जपानी मानक, आणि एमबी म्हणजे ज्यांचा क्लच ऑइलमध्ये नसतो अशा स्कूटरसाठीचं. मोटरसायकलचा क्लच ऑइलमध्येच बुडालेला असतो, म्हणून मोटरसायकलला एमए किंवा एमए२ लागतं. एमबी ऑइल मोटरसायकलमध्ये ओतलं तर क्लच प्लेटा घसरू शकतात, आणि चढावर इंजिन ओरडतं, गाडी पुढं जात नाही. ग्रेड चुकण्यापेक्षा हे चुकणं मला जास्त गंभीर वाटतं, आणि दुकानात घाईत हेच चुकतं.

राहिला मिनरल की सिंथेटिक. इथं मी सरळ सिंथेटिकच्या बाजूचा आहे, पण फक्त घाट आणि लांब पल्ला असणाऱ्यांसाठी. तापमान दहा अंशांनी वाढलं की ऑइल सडण्याचा वेग साधारण दुप्पट होतो, आणि तिथं सिंथेटिक जास्त तग धरतं. पैसे दुपटीनं जातात. गावातल्या गावात फिरणाऱ्यानं मिनरल घेऊन ते वेळेवर बदललं तर काही बिघडत नाही. कुचंबणा होते ती १०डब्ल्यू-४० मिनरलची: १० ते ४० एवढा पल्ला गाठायला त्यात गरम झाल्यावर घट्टपणा राखणारं पॉलिमर जास्त घालावं लागतं, आणि मोटरसायकलच्या गिअरमध्ये ते चिरडून ऑइल लवकर पातळ होतं. ती ग्रेड हवी असेल तर सिंथेटिकच घ्या.

डबा सीलबंद आहे ना ते बघा, आपल्यासमोर उघडून ओतायला सांगा, आणि रिकामा झाला की पत्र्याची कात्री मागून स्वतः कापून टाका, म्हणजे त्यात कुणी नकली ऑइल भरून विकणार नाही.