ओकॅमलमध्ये पार्सर लिहायचाय: ओकॅमलयाक, मेन्हिर की अँगस्ट्रॉम?

पार्सर म्हणजे मजकूर व्याकरणाच्या नियमांनुसार वाचून त्याची रचना काढणारा प्रोग्रॅम; ओकॅमल या प्रोग्रॅमिंग भाषेत तो बनवायची ही तीन साधनं. प्रोग्रॅमिंग भाषा किंवा क्वेरीचं व्याकरण लिहायचं असेल तर मेन्हिर घ्या. बाकी दोघांना जागा आहे, पण मर्यादित.

ओकॅमलयाक कंपायलरबरोबरच येतं, वेगळं बसवावं लागत नाही. खरा फायदा एवढाच. नियमातले घटक $१, $३ अशा आकड्यांनी ओळखायचे, त्यामुळे मध्ये एक टोकन (शब्द किंवा चिन्ह) घातलं की पुढचे आकडे सरकतात आणि टाइप योगायोगाने जुळले तर कंपायलरही काही बोलत नाही. त्याचं पार्सिंग मॉड्यूल ग्लोबल स्टेटवर (सगळ्यांच्या सामायिक माहितीवर) चालतं, म्हणून ओकॅमल ५ मध्ये दोन डोमेनवर (समांतर धाग्यांवर) एकाच वेळी पार्सर चालवणं धोक्याचं.

मेन्हिरमध्ये घटकांना नावं देता येतात आणि स्वल्पविरामांनी तोडलेली यादी, ऐच्छिक घटक, कंसातला मजकूर यांचे नियम तयार मिळतात. ओकॅमलयाक एलएएलआर(१) पद्धतीने पार्सर बनवतं, मेन्हिर एलआर(१); पार्सरच्या स्टेट (अवस्था) एकत्र केल्यामुळे उगाच उद्भवणारे रिड्यूस-रिड्यूस संघर्ष (एकाच जागी दोन नियम लागू पडणं) मेन्हिरमध्ये होत नाहीत. पण मोठा फरक पडतो तो संघर्ष खरा असतो तेव्हा. ओकॅमलयाक स्टेटची लांबलचक यादी हातात देतं, माग तुम्ही काढायचा. मेन्हिरला एक्स्प्लेन पर्याय दिला की कोणत्या इनपुटवर अडतं आणि त्याचे कोणते दोन अर्थ लागतात, हे वेगळ्या फाइलमध्ये लिहून मिळतं. ओकॅमलचा कंपायलरही ४.०८ पासून (२०१९) मेन्हिरवर आहे.

हमखास फसवणारी जागा: बेरीज, गुणाकार वगैरे चिन्हं ‘ऑप’ नावाच्या वेगळ्या नियमात काढली की प्राधान्यक्रम दिलेला असूनही संघर्ष उगवतात. नियमाचं प्राधान्य त्यातल्या शेवटच्या टोकनवरून ठरतं आणि ‘एक्स्प्र ऑप एक्स्प्र’मध्ये (एक्स्प्र म्हणजे पदावली) टोकनच उरत नाही. ‘ऑप’ला %इनलाइन लावा, म्हणजे तो वापरलेल्या जागीच उलगडला जातो आणि प्रश्न मिटतो. ओकॅमलयाकमध्ये ही सोय नाही; प्रत्येक चिन्हासाठी ओळ लिहा.

चुकांचे संदेश ही मेन्हिरची दुसरी जमेची बाजू. लिस्ट-एरर्स पर्याय चूक होऊ शकेल अशा प्रत्येक स्टेटसाठी नमुना इनपुट काढून देतो, संदेश तुम्ही लिहायचे. काम कंटाळवाणं आहे आणि व्याकरण बदललं की फाइलही ताजी करावी लागते. व्याकरण स्थिरावल्याशिवाय यात पडू नका.

ओकॅमलयाकवरून येताना व्याकरण बहुतांशी तसंच चालतं. स्थानासाठी मात्र पार्सिंग मॉड्यूलऐवजी $स्टार्टपॉस वापरा आणि पार्सिंगचा पार्स-एरर न पकडता तयार झालेल्या पार्सर मॉड्यूलचा एरर पकडा. हे राहिलं तर प्रोग्रॅम थेट कोसळतो. प्रत्येक चूक ‘ओळ १’ वरच दिसत असेल तर दोष लेक्सरचा (मजकुराची टोकनं पाडणाऱ्या भागाचा): नवी ओळ वाचल्यावर लेक्सिंगचं न्यू-लाइन फंक्शन बोलावलेलं नसतं. ड्यूनमध्ये (ओकॅमलच्या बिल्ड साधनात) मेन्हिरला टेबल पर्याय दिलात तर लायब्ररींच्या यादीत मेन्हिरलिब घाला, नाहीतर बिल्ड अडतो.

अँगस्ट्रॉम हा व्याकरणाच्या फाइलमधून पार्सर तयार करणारा जनरेटर नाही, छोटे पार्सर जोडून मोठा बनवायची कॉम्बिनेटर लायब्ररी आहे. व्याकरण थेट ओकॅमल कोडमध्येच लिहायचं. नेटवर्कवरून तुकड्यातुकड्याने येणारा डेटा किंवा बायनरी फॉरमॅट असेल तर हेच घ्या, तिथे वेगळा लेक्सर हवा कशाला? भाषेच्या व्याकरणाला मात्र ते गैरसोयीचं. स्थान फक्त बाइटमध्ये कळतं, ओळ-स्तंभाचा हिशेब आपणच ठेवायचा. संदिग्ध नियमांबद्दल आधी इशारा मिळत नाही. पहिला जुळलेला पर्याय जिंकतो. आणि ‘एक्स्प्र’ची सुरुवात ‘एक्स्प्र’नेच करणारा नियम जसाच्या तसा उतरवला तर पार्सर इनपुट न खाता स्वतःलाच बोलावत राहतो. तिथे आधी एक पद वाचून पुढची चिन्हं-पदं लूपमध्ये डावीकडून जोडत जायची.