एकच नाटक, दोन जागा : प्रयोग ठरवू पाहणाऱ्या संस्थांसाठी

सोलापुरातील एका हौशी नाट्यसंघाचे विडी कामगार कुटुंबावरील नवे दोन अंकी नाटक मी महिन्याभराच्या अंतराने दोनदा पाहिले. पहिल्यांदा ते मोठ्या नाट्यगृहात बाराव्या रांगेतून पाहिले आणि दुसऱ्यांदा शहराच्या तेलुगू भाषक वस्तीच्या पूर्व भागातल्या एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर, जेमतेम शंभर खुर्च्यांमध्ये, नटांपासून चार हातांवर बसून. संहिता तीच होती, चारही कलावंत तेच होते आणि तरीही मी दोन वेगळी नाटके पाहून घरी आलो. त्यामुळे एखाद्या वाचनालयाने, महिला मंडळाने किंवा पतसंस्थेने आपल्या सभासदांसाठी याचा प्रयोग घ्यायचे मनात आणले असेल, तर नाटक कसे आहे याच्या जोडीने ते कुठे घ्यावे याचाही विचार आधीच करावा.

कथानक साधे आहे. २००६ साली सोलापूरजवळच्या कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाने विडी कामगारांची १०,००० घरांची वसाहत उभी राहिली, त्या काळातले हे तेलुगू भाषक कुटुंब आहे. हक्काचे घर मिळणार म्हणून मुलगा उतावीळ झालेला आहे, यंत्रमाग सुटलेला बाप कोणत्याच बाजूने बोलत नाही आणि ज्या गल्लीत उभा जन्म गेला ती सोडायला आईचा पाय निघत नाही. लेखकाने कोणालाही खलपुरुष केलेले नाही, ही या संहितेची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

आईचे काम करणाऱ्या अभिनेत्रीने विडी वळण्याचे काम खरोखर शिकून घेतलेले दिसते. मांडीवर सूप, ओलसर तेंदूपान, पत्र्याच्या मापावर धरून फिरणारी कात्री, चिमूटभर तंबाखू, दोन बोटांत वळण, दोऱ्याचा वेढा आणि नखाने दुमडलेले तोंड, हे सारे संवाद चालू असताना अखंड घडत राहते. मुलगा नव्या घराचा विषय काढतो तेव्हा ती उत्तर देत नाही, फक्त कात्री थांबते. मंगल कार्यालयात ती शांतता सर्वांना ऐकू आली आणि माझ्या शेजारच्या बाईंनी हातातली पिशवी घट्ट धरली. बाराव्या रांगेत मात्र कात्री चालू असल्याचेच कळले नव्हते, मग ती थांबल्याचे काय कळणार? तिथे मला एक बाई बराच वेळ खाली मान घालून बसलेली दिसली होती, आणि ही भूमिका दुबळी आहे असे मी तेव्हा वहीत लिहूनही ठेवले होते. ते वाक्य आता खोडले आहे.

भाषेचेही तसेच आहे. मायलेकांचे भांडण मराठीत सुरू होते आणि चिडल्यावर तेलुगूवर जाते. जवळून पाहताना शब्द कळले नाहीत तरी चेहरा कळतो, दुरून मात्र ती दहा-बारा वाक्ये वाया जातात. पूर्व भागातल्या प्रेक्षकांना अर्थातच यातले काहीच अडले नाही, उलट आईच्या एका तेलुगू टोमण्यावर उसळलेला हशा ओसरेपर्यंत बापाला थांबावे लागले.

असे असले तरी मोठे नाट्यगृह सरसकट बाद करता येणार नाही. दुसऱ्या अंकात मुलाचे एक लांबलचक स्वगत आहे, ते सभेतल्या भाषणासारखे लिहिले आहे. नाट्यगृहात त्याला टाळ्या पडल्या आणि त्या खोट्या नव्हत्या. छोट्या जागेत तोच नट आमच्या डोक्यांवरून भिंतीकडे पाहत तारस्वरात बोलू लागला, तेव्हा ऐकणाऱ्यांनाच अवघडल्यासारखे झाले. घर हलवण्याच्या प्रसंगात रिकाम्या होत जाणाऱ्या खोलीवर संध्याकाळचा प्रकाश उतरतो, तोही परिणाम उंच रंगमंचाशिवाय आणि पुरेशा दिव्यांशिवाय साधत नाही. मंगल कार्यालयात दोन स्पॉट आणि एक ट्यूबलाइट एवढ्यावरच भागवावे लागले.

दोन्हीकडे खटकलेल्या गोष्टीही आहेत. दुसरा अंक पंधरा मिनिटांनी तरी कमी व्हायला हवा, शेजारणीचे पात्र केवळ माहिती पुरवण्यासाठी येते, आणि डोळ्यांत पाणी यायच्या आधीच ध्वनिमुद्रित व्हायोलिन सुरू होते.

छोट्या जागेत नाटक करणे मराठीला नवे नाही. १९७४ पासून दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने असे कितीतरी प्रयोग केले. परंतु सोलापुरात त्याचा हिशोब उन्हाळ्यापासून मांडावा लागतो. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असताना शंभर माणसे बंद खोलीत बसवायची, तर पंखे हवेत, आणि पंख्यांच्या घरघरीत कात्री ऐकू येत नाही. कूलरची तर गोष्टच नको. जागेचे भाडे, नेपथ्याची ने-आण आणि माईक यांवरचा खर्च छोट्या जागी बराच वाचतो, मात्र तीनशे सभासद असतील तर तीन प्रयोग करावे लागतील, आणि एकाच दिवशी दोन प्रयोग ठेवले तर आईचे काम करणाऱ्या अभिनेत्रीचा आवाज दुसऱ्या प्रयोगात टिकेल असे मला वाटत नाही.

सभासद शे-सव्वाशे असतील आणि त्यांना निवांत बसून पाहायची आवड असेल, तर मी छोटी जागाच सुचवेन. वर्धापनदिनाचा मोठा मेळावा असेल, सत्कार, भाषणे आणि लहान मुले असतील, तर नाट्यगृह घ्यावे, त्या गडबडीतही स्वगत आणि शेवटचा प्रसंग पोहोचतात. तारीख डिसेंबर किंवा फेब्रुवारीतली धरावी, कारण जानेवारीत संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची यात्रा असते आणि गड्ड्यावर, म्हणजे त्या यात्रेच्या जत्रेत, जायचे सोडून संध्याकाळी नाटकाला कोणी येणार नाही. छोट्या जागेत घेतल्यास खुर्च्या समोर सरळ रांगेत न मांडता तिन्ही बाजूंनी मांडायला सांगाव्यात, म्हणजे सूप सगळ्यांना दिसेल.