पहिली ट्रायथलॉन: जवळची की गाजलेली?

पहिल्या ट्रायथलॉनसाठी (पोहणं, सायकल आणि धावणं एकापाठोपाठ) नाव नोंदवायचं ठरलं की दोन वाटा दिसतात. एखाद्या क्लबने भरवलेली शे-दीडशे जणांची शर्यत, नाहीतर आयर्नमॅनसारख्या मोठ्या नावाची, हजारोंच्या गर्दीची. दोन्हीकडे धापा टाकून झाल्यात, म्हणून फक्त आयोजनापुरतं सांगतो. पहिल्या वेळी पाय दमतात त्याआधी डोकं दमतं, आणि ते बहुतेकदा गोंधळामुळे.

अंतरं सारखी नाहीत, हे आधीच ध्यानात घ्या. क्लबच्या शर्यती बहुधा स्प्रिंट (७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर धावणं) किंवा त्याच्या दुप्पट, म्हणजे ऑलिंपिक अंतराच्या. मोठ्या ब्रँडची ओळख लांब पल्ल्याची. त्यातली ‘हाफ’सुद्धा १.९, ९० आणि २१.१ किलोमीटरची.

खरी परीक्षा पाण्यात. मोठ्या शर्यतीत बहुतेक ठिकाणी ‘रोलिंग स्टार्ट’ असतो. थोडे थोडे जण काही सेकंदांच्या अंतराने पाण्यात उतरतात आणि वेळ नोंदवणारी मॅट ओलांडली की तुमचं घड्याळ सुरू. छोट्या शर्यतीत शिट्टी वाजते आणि सगळे एकदम उड्या घेतात. पहिली दोन मिनिटं कुणाची टाच तुमच्या गॉगलवर आदळेल याचा नेम नाही. पण त्याच शर्यतीत मी बोयाला (मार्ग दाखवणाऱ्या तरंगत्या खुणेला) धरून खोकत होतो, तेव्हा छोट्या होडीतून लक्ष ठेवणारा कयाकवाला शेजारी येऊन थांबला, टोपीवरचा नंबर वाचला आणि म्हणाला, “पकडून ठेवा, घाई नाही.” हजारोंच्या गर्दीत इतकी आपुलकी मला तरी भेटली नाही. मात्र तिथे घोट्यावर वेळ नोंदवणारी चिप असते. (डाव्या घोट्यावर, कारण सायकलची चेन उजवीकडे.) पाण्यात किती उतरले आणि बाहेर किती आले, हे त्यामुळे यंत्रालाही कळतं. छोट्या शर्यतीत चिप नसेल, तर ही मोजणी कोण आणि कशी करणार, हे फोन करून विचाराच. यात संकोच नको.

ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहण्यातून सायकलवर आणि सायकलवरून धावण्याकडे वळण्याच्या जागेत, मोठ्या शर्यतीची शिस्त थोडी जाचक वाटते. सायकल बहुतेकदा आदल्या दिवशीच जमा करायची, म्हणजे बाहेरून येणाऱ्याचा एक मुक्काम वाढला. रॅकवर जागा नंबराप्रमाणे. शर्यत संपल्यावर मनगटावरचा नंबर सायकलवरच्या नंबराशी जुळल्याशिवाय सायकल बाहेर जात नाही. छोट्या शर्यतीत पहाटे या, जागा पकडा. मी जागा पकडली होती. पाण्यातून आलो तर माझे बूट दुसऱ्याच्या टॉवेलखाली. नियम मात्र दोन्हीकडे एकच: हेल्मेटचं बकल लावल्याशिवाय सायकल रॅकवरून काढायची नाही. मोठ्या शर्यतीत चुकलात की दंड. छोट्या शर्यतीत एका मार्शलबाईंनी मला नुसतं हात आडवा करून थांबवलं. “आधी बकल!” ती चूक मी पुन्हा केलेली नाही.

सायकलच्या रस्त्याला दोनच प्रश्न पुरेत: वाहतूक बंद आहे का, आणि फेऱ्या कोण मोजणार? एका छोट्या शर्यतीत चार फेऱ्या होत्या. तिसरीत वळणावरचा मार्शल जागेवर नव्हता, आणि शेवटी आम्ही तिघं तीन वेगवेगळे आकडे सांगत उभे. माझ्या सायकलवरच्या मीटरने मला वाचवलं, एकाला मात्र आणखी एक फेरी मारावी लागली. मोठ्या शर्यतीत मार्गावरच्या मॅटवर चिप नोंदली जाते, त्यामुळे हा वाद होतच नाही.

धावण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही, शेवटच्या माणसाची गोष्ट सोडली तर. फुल आयर्नमॅनची मुदत साधारण १७ तासांची. ती संपत आली तरी शेवटच्या रेषेवर दिवे आणि माणसं असतात. मुदत चुकली की मात्र ती फिनिश धरत नाहीत. छोट्या शर्यतीत कटऑफ, म्हणजे ही मुदत, कागदावर सैल असतो, पण टेबलं त्याआधीच आवरली जातात. मी शेवटून चौथा होतो. पाण्याच्या टेबलावर पालथे पडलेले कप आणि आवराआवर करणारा एक मुलगा. त्याने स्वतःची बाटली पुढे केली, म्हणून निभावलं.

माझा कौल असा: स्प्रिंट करायची असेल आणि पोहण्याच्या मोजणीचं उत्तर फोनवर चटकन मिळालं, तर जवळची शर्यत घ्या. आजवर फक्त जलतरण तलावात पोहला असाल तर नक्कीच, कारण शर्यतीआधी एखाद्या सकाळी जाऊन ते पाणी बघून येता येतं. थेट हाफच करायची असेल, तर जास्त फी आणि जास्तीचा मुक्काम सोसून मोठीकडे जा. सहा-सात तास रस्त्यावर असताना नुसत्या आपुलकीवर भागत नाही. “बघू, त्या दिवशी सांगू” असं उत्तर आलं, तर शर्यत कितीही जवळची असो, पैसे भरू नका.

एक सोपी चाचणी घरबसल्याही होते. गेल्या वर्षीच्या निकालाची यादी उघडा आणि खालून वाचा. शर्यत अर्धवट सोडलेल्यांची नावं असतील, कोण पाण्यातून परतला आणि कोण सायकलवरून उतरला हेही लिहिलेलं असेल, तर तिथे कुणीतरी माणसं मोजत होतं. यादी शेवटच्या फिनिशरवरच संपत असेल, तर फोन जरा लांबवा.