दामिनी अ‍ॅप: रानात राबणाऱ्यांच्या फोनात हवंच

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने बनवलेलं हे अ‍ॅप फुकट आहे, मराठीतही चालतं. देशभर बसवलेले सेन्सर वीज कुठे पडली ते टिपतात आणि 20 ते 40 किलोमीटरच्या टापूत धोका असला तर आपल्याला इशारा मिळतो.

आमच्या मराठवाड्यात वळवाचा पाऊस येतो तो नेमका कांदा काढणीच्या दिवसांत. इशारा आला की मी बायांना हाक देते, "विळे ठेवा, शाळेकडे चला!" सुरुवातीला शेजारच्या आत्या म्हणायच्या, "आभाळ तर लांब हाय गं, एवढी पात होऊ दे." आता त्याच आधी उठतात. पूर्वी सगळ्या बांधावरच्या लिंबाखाली गोळा व्हायच्या, आणि विजेच्या वेळी झाडाखालची जागा सगळ्यात वाईट. काय करावं, काय टाळावं, हेही अ‍ॅपमध्ये दिलंय. ते घरातल्या पोरांनाही वाचून दाखवा.

लोकेशन आणि नेट दोन्ही चालू लागतं. आमच्या खालच्या रानात रेंज नाही, म्हणून घरी थांबणारी सासू आभाळ भरलं की अ‍ॅप बघते आणि वरच्या रानातल्या माणसाला फोन लावते. गडगडाट ऐकू आला तर मात्र इशाऱ्याची वाट बघू नका, सरळ पक्क्या घरात जा.

पाचपैकी चार तारे. मजुरीला येणाऱ्या बऱ्याच बायांकडे साधा बटणाचा फोन असतो. हाच इशारा ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून दिला, तर पाचवाही देईन.