मास्टरकार्डची खूण की पब्लिक थिएटरची अक्षरं? नाशिकच्या दुकानासाठी काय घ्याल

कॉलेज रोडवर मिसळीचं दुकान टाकताय किंवा बेदाण्याचं स्वतःचं पाकीट काढताय, तर डिझायनर कधी ना कधी मोबाइलवर पेंटाग्रामची कामं दाखवणारच. १९७२ साली लंडनमध्ये पाच भागीदारांनी सुरू केलेला हा स्टुडिओ. मला तो मनापासून आवडतो. पण त्यांचं कुठलं काम डोळ्यासमोर ठेवता, त्यावर तुमचे पैसे कामी येतात की पाण्यात जातात हे ठरतं.

एक नमुना मास्टरकार्डचा. २०१६ मध्ये पेंटाग्रामने लाल-पिवळ्या वर्तुळांमधल्या पट्ट्या काढून टाकल्या आणि नाव खाली आणलं. २०१९ मध्ये कंपनीने खुणेजवळचं नावही काढून टाकलं. देखणं काम आहे, वाद नाही. पण ती वर्तुळं कित्येक वर्षं लोकांच्या खिशात होती, म्हणून नाव काढणं परवडलं. काल उघडलेल्या दुकानावर नुसता गोल आणि त्यात मिरची काढली, तर ते मिसळीचं आहे की मसाल्याचं, कोणाला कळणार?

दुसरा नमुना न्यूयॉर्कच्या पब्लिक थिएटरचा. पेंटाग्रामच्याच पॉला शेर यांनी १९९४ मध्ये तो केला. त्यात चित्र नाही, नाव हीच ओळख. अक्षरं जाडजूड ठशापासून बारीक होत जातात. पोस्टर कुठल्याही नाटकाचं असो, लांबूनच कळतं कोणाचं आहे. माझं मत इथे पडतं. तसंही महाराष्ट्राच्या दुकानं-आस्थापना कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुकानाच्या पाटीवर मराठी अक्षरं इतर भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. मग सगळ्यांत मोठी दिसणारी गोष्टच नीट करून घ्या की.

मात्र पब्लिकची नक्कल जशीच्या तशी उतरवू नका. ‘मिसळ’मधला ‘मि’ जाड आणि ‘ळ’ बारीक केला की शिरोरेषेला मध्येच पायरी पडते आणि शब्द मोडल्यासारखा दिसतो. जाडी एकच ठेवा, गंमत आकारात आणि मांडणीत करा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचे मोदक, बालू, मुक्त हे फॉन्ट फुकट मिळतात, धंद्यासाठीही वापरता येतात. मोदक इतका गुबगुबीत आहे की अक्षरांतल्या पोकळ्या फटीएवढ्या उरतात. बोर्डावर झकास, पण पाकिटाच्या मागे वजन-घटक त्यात छापले तर नुसते काळे डाग दिसतील. तिथे मुक्त घ्या, त्यात सात जाड्या मिळतात. बालू या दोघांच्या मधला. मुलांच्या खाऊला शोभतो, पैठणीच्या दुकानाला मला तरी नाही शोभत.

खूण कोणी घ्यावी? द्राक्षं किंवा बेदाणे युरोपात पाठवणाऱ्याने. तिथल्या गोदामात देवनागरी वाचणारं कोणी नसतं, खोक्यावरचा आकारच ओळखतात. त्यांनी साध्या, एका रंगात छापता येईल अशा चिन्हावर खर्च करावा.

बाकीच्यांनी डिझायनरकडून आधी फक्त नाव काळ्या-पांढऱ्यात मागून घ्यावं. ते फ्लेक्सवर छापून रस्त्यापलीकडून वाचता आलं, तरच रंगांचं बोलणं काढावं. आणि ‘सर, आयकॉन तर पाहिजेच’ असं कोणी म्हणालं, तर त्याचं बिल वेगळं आहे का ते विचारा.