थिसिसचे रेफरन्सेस "करून देतो" म्हणणाऱ्याने मला कसं फसवलं

नमस्कार. हे लिहू की नको असं बरेच दिवस चाललं होतं, पण परवा देवगडहून ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला, ताई थिसिसचे रेफरन्सेस करून देणारा एक जण रत्नागिरीत मिळालाय, पंधरा हजार सांगतोय, देऊ का? आणि तिने वर्णन केलं तो माणूस हुबेहूब मला फसवणाराच. मग म्हटलं आता लिहायचंच.

माझी पीएचडी बॉटनीत, विषय हापूसमधला साका. कोकणातल्यांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते, साका म्हणजे फळ बाहेरून एकदम छान, रंग बरोबर, वास बरोबर, आणि कापलं की आत पांढरट स्पंजासारखा आंबट गर. वरनं काही म्हणजे काही कळत नाही. पावसजवळ आमची आणि शेजारची अशा दोन बागांतली फळं मी चार सीझन स्वतः कापून मोजली, कलमांखाली पेंढा पसरला तर साका कमी होतो का, चौदा आणे तयार, म्हणजे पुरतं तयार व्हायच्या जरा आधी, फळ उतरवलं तर किती आणि झाडावर जास्त ठेवलं तर किती, सगळं आठ वह्यांत लिहिलेलं आहे. बाबा ऐन घाईत आढी लावायची सोडून माझ्यासाठी वेगळी फळं मोजून ठेवायचे.

तर डेटाची मला कधीच भीती नव्हती. भीती होती ती रेफरन्सेसची. माझ्याकडे १४३ होते, अर्धे झेरॉक्स, काही मोबाईलमध्ये पीडीएफ, काही नुसतेच वहीत "करंट सायन्स, कोयीचा पेपर" असे लिहिलेले. युनिव्हर्सिटीला एपीए स्टाईल हवी, म्हणजे लेखकाचं आडनाव आधी, मग वर्ष, मग लेखाचं नाव, मग जर्नल आणि व्हॉल्यूम तिरप्या अक्षरात, तीन किंवा जास्त लेखक असले की मजकुरात पहिलं आडनाव आणि इतर, पण शेवटच्या यादीत वीस लेखकांपर्यंत सगळी नावं. मी सीएचबीवर, म्हणजे तासांप्रमाणे पैसे मिळतात तशी, कॉलेजात शिकवते, सकाळी लेक्चर्स, दुपारी घर, आणि सबमिशनला दीड महिना. कुणीतरी नंबर दिला.

त्याचं बाहेर झेरॉक्स-प्रिंटिंगचं दुकान, आत एक खोली, टेबलावर बांधलेल्या थिसिसची चळत. बोलायला अतिशय गोड. मॅडम तुम्ही फक्त डेटाकडे बघा, सायटेशनचं टेन्शन माझ्यावर सोडा. माझी यादी वरवर चाळून म्हणाला, हे कमी आहेत, दोनशेच्या वर पाहिजेत, थिसिसला वजन येतं, आणि हे जुने दापोलीच्या कृषी विद्यापीठाचे वगैरे काढून टाकू, यांना डीओआय नाही, एक्झामिनरला आवडत नाही. (डीओआय म्हणजे लेखाचा नेटवरचा कायमचा ओळख नंबर.) मला तेव्हा हे खटकायला हवं होतं. १८,००० ठरले, ९,००० आधी गुगल पेवर, बाकी काम झाल्यावर. सीएचबीवाल्याला १८,००० म्हणजे काय हे सीएचबीवाल्यालाच कळेल.

सतरा दिवसांनी फाईल आली. २१२ रेफरन्सेस, सगळे एका वळणाचे, प्रत्येकाखाली डीओआय, बघूनच बरं वाटलं. सोबत प्लॅगॅरिझम रिपोर्ट, म्हणजे मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी किती सारखा आहे त्याचा, ७ टक्के. यूजीसीच्या २०१८ च्या नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंत दंड नाही, म्हणून मी निर्धास्त झाले आणि उरलेले ९,००० त्याच संध्याकाळी पाठवून दिले. इथेच मी अडकले, आणि हे नीट वाचा, कारण माझ्यासारखे बरेच जण इथेच अडकतात. त्याच नियमांत लिहिलंय की सारखेपणा तपासताना संदर्भसूची वगळायची. म्हणजे तो रिपोर्ट रेफरन्सेसकडे बघतच नाही. यादीतले सगळेच्या सगळे रेफरन्सेस खोटे असले तरी ७ चे ७ टक्केच येतील.

माझ्या गाईड सरांची एक सवय आहे, सही करायच्या आधी यादीतले कुठलेही पाच रेफरन्स स्वतः उघडून बघतात. मी समोर बसले होते. पहिला डीओआय टाकला, असा डीओआय सापडत नाही असं पान आलं. सर म्हणाले टायपिंग मिस्टेक असेल. दुसरा टाकला तर काँक्रीटच्या मजबुतीवरचा पेपर उघडला. सर काही बोलले नाहीत, लॅपटॉप फक्त माझ्याकडे वळवला. माझे हातपाय गार पडले.

त्या रात्रीपासून चार रात्री मी एकेक तपासला. बाहेर मृगाचा पाऊस, लाईट जायची, मोबाईलच्या हॉटस्पॉटवर काम. आई दोनदा येऊन बघून गेली, काय गो, जेवायचं नाही काय. २१२ पैकी ५८ जगात कुठेच नाहीत. नाहीतच. लेखकांची नावं खरी, त्या विषयातली, जर्नलही खरं, पण त्या लोकांनी त्या नावाचा पेपर कधी लिहिलेलाच नाही. एका रेफरन्सला पानं ११२ ते ११९ दिलेली, त्या अंकाची अनुक्रमणिका काढली तर त्या पानांवर भलताच लेख. एका जर्नलचा २०११ चा अंक दिलेला, आणि ते जर्नल सुरूच झालंय २०१५ ला. आणखी ४२ खरे होते, पण मी जन्मात न वाचलेले, विषयाशी संबंध नसलेले, नुसते भरतीचे. माझ्या स्वतःच्या ३१ गायब. आणि माझेच जे राहिले त्यातल्या २३ मध्ये आकडे चुकवलेले, उदाहरणार्थ तो कोयीचा आणि साक्याचा संबंध सांगणारा करंट सायन्समधला पेपर, तो २००४ चा, व्हॉल्यूम ८७, आणि याने लिहिलं ९२. करंट सायन्सचे वर्षाला दोन व्हॉल्यूम निघतात, ९२ म्हणजे २००७ उजाडतं. ज्याने तो अंक एकदा जरी हातात घेतला असेल तो अशी चूक करणार नाही.

पण सगळ्यात लागलं ते चौथ्या चॅप्टरमधलं. तिथे मी लिहिलं होतं की पेंढा पसरलेल्या कलमांच्या फळांत साका कमी दिसला. हे माझं निरीक्षण, माझ्या वहीतलं, बाबांनी मोजून दिलेल्या फळांचं. त्या वाक्यापुढे याने कंसात कुणाचं तरी नाव आणि वर्ष चिकटवलेलं होतं, म्हणजे माझा शोध मी दुसऱ्याच्या नावावर टाकला, आणि तो दुसरा पेपरही अस्तित्वात नाही. मी ते वाचून रडले, खरंच रडले.

फोन केला तर आधी म्हणाला सॉफ्टवेअरची एरर असेल. मग म्हणाला, मॅडम एवढं कोण उघडून बघतं. मग नंबर ब्लॉक. दुकानात गेले तर आतल्या खोलीला कुलूप, बाहेरचा मुलगा म्हणतो दादा गावाला गेलेत. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर, तक्रार नोंदवली आहे, पैसे अजून आलेले नाहीत.

त्याने हे एआयकडून काढून घेतलंय यात मला शंका नाही. चॅटबॉट रेफरन्स शोधूनच आणेल असं नाही, रेफरन्स कसा दिसतो ते त्याला माहीत असतं आणि तसा दिसणारा तो बनवूनही देतो, म्हणून तर इतका खरा वाटतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कला वकिलांनी असेच चॅटजीपीटीने बनवलेले खटले कोर्टात दाखले म्हणून दिले आणि ५,००० डॉलर दंड भरला. तिथे सही वकिलांची होती. थिसिसवर सही माझी असते, दुकानदाराची नाही, एक्झामिनरसमोर तो येणार नाही.

कुणाकडून काही करून घेतलं असेल तर पैसे द्यायच्या आधी हे करा. डीओआय १० ने सुरू होतो, तो डीओआय डॉट ऑर्गवर टाका, आणि पान उघडलं म्हणून सोडू नका, लेखाचं नाव, लेखक, वर्ष जुळतंय का बघा. क्रॉसरेफच्या (डीओआय नोंदवणारी संस्था) सर्चमध्ये किंवा गुगल स्कॉलरवर लेखाचं पूर्ण नाव अवतरणचिन्हात टाका. जर्नलच्या साईटवर जाऊन त्या अंकाची अनुक्रमणिका उघडा. आणि "आयएसएसएन आहे मॅडम" याला भुलू नका, आयएसएसएन हा नुसता ओळख नंबर आहे, जर्नल चांगलं की वाईट ते त्यावरून ठरत नाही. मला तो "सगळे यूजीसी केअरमधले" असंही सांगत होता, आणि केअर ही यूजीसीची मान्य जर्नल्सची यादी, ती यूजीसीने फेब्रुवारी २०२५ मध्येच बंद केली.

उलटं पण लक्षात ठेवा, डीओआय नाही म्हणून पेपर खोटा होत नाही. माझे काढून टाकलेले ३१ बहुतेक असेच, जुने, नेटवर नसलेले, ज्यांच्या जिवावर माझा दुसरा चॅप्टर उभा आहे. ते परत मिळवायला मी दापोलीला विद्यापीठाच्या लायब्ररीत दोन दिवस काढले. बांधीव खंड, पानं पिवळी पडलेली, कसरीने कडा खाल्लेल्या. प्रत्येक लेखाचं पहिलं पान, व्हॉल्यूम, अंक, पान नंबर मी हाताने उतरवून घेतले आणि मोबाईलवर फोटो काढले. त्यांच्यापुढे डीओआय नाही आणि सरांनी त्यातल्या एकावरही बोट ठेवलं नाही.

बाकीचं काम मी झोटेरो नावाच्या, रेफरन्सेस सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर केलं. ते फुकट आहे, डीओआय टाकला की माहिती आपोआप भरते, मागे घेतलेला पेपर असेल तर लाल पट्टी दाखवतं, वर्डमध्ये कंस आणि यादी दोन्ही स्वतः लावतं. शिकायला मला दीड दिवस लागला. दीड दिवस! त्यासाठी मी १८,००० घालवले आणि सबमिशन दोन महिने पुढे गेलं. भरलेली माहिती मात्र एकदा डोळ्याखालून घालाच, कधीकधी नावं सगळी कॅपिटलमध्ये येतात, पानांचे नंबर येत नाहीत. आता यादीत १३९ आहेत. चार मी स्वतः काढले, कारण ते मी फक्त दुसऱ्या पेपरात उल्लेख म्हणून वाचले होते, मूळ पेपर मिळालाच नाही.

देवगडच्या मुलीला सांगितलंय, पैसे देऊ नकोस, रविवारी लॅपटॉप आणि तुझे सगळे झेरॉक्स घेऊन पावसला ये, बसून झोटेरोत घालू. अजून कुणाला यायचं असेल तर या, जेवायला आमच्याकडेच.