कॅनडाच्या पीआरची फाइल: एक लाख अठरा हजारांत काय मिळालं

तारे आधीच देऊन टाकते. पाचपैकी दोन, आणि दोन्ही आमची फाइल सांभाळणाऱ्या मुलीचे. ऑफिसला शून्य.

कॅनडाचा पीआर, म्हणजे तिथे कायम राहायचा परवाना, मिळवून देतो म्हणणारी नाशिकमधली ही इमिग्रेशन कन्सल्टन्सी आहे. नाव लिहीत नाही, कारण शेवटच्या हप्त्याच्या परताव्यासाठी माझा पत्रव्यवहार अजून चालू आहे. तशीही यांच्यासारखी ऑफिसं शहरात पुष्कळ आहेत. काचेचं दार, भिंतीवर लाल मेपलचं पान, टेबलावर छोटे झेंडे.

मार्च २०२४ मध्ये एका हॉटेलात त्यांचा सेमिनार होता. नवऱ्याच्या कंपनीतले चार-पाच जण निघाले होते, त्यांच्यासोबत आम्हीही गेलो. नवरा अंबड एमआयडीसीत प्रोडक्शनला आहे, बी.ई. मेकॅनिकल, तेव्हा सदतीस वर्षांचा. शिफ्टला कंटाळला होता. दिंडोरीकडे सासऱ्यांची द्राक्षबाग आहे आणि दोन हंगाम पाठोपाठ अवकाळीने मार खाल्ला होता. मुलगी सात वर्षांची. म्हणजे जायला कारणं भरपूर होती. माझं मत कुणी विचारलं नव्हतं आणि खरं सांगायचं तर ते मलाही माहीत नव्हतं.

सँडविच चांगले होते. "आजच साइन केलं तर पंधरा हजार सूट" हेही होतं, साड्यांच्या सेलसारखं. काउंटरवरचा माणूस नवऱ्याला सर म्हणत एकेक विचारत गेला. सरांचं वय, सरांचं शिक्षण, सरांचा अनुभव. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मॅडम, तुम्ही डिपेंडंट." मी एम.कॉम. आहे, अकाउंट्समध्ये नऊ वर्षं नोकरी झाली आहे. त्याने फॉर्मवर माझ्या नावापुढे फक्त एक टिक केली. सरांचा स्कोअर, म्हणजे पीआरसाठी कॅनडा देतं ते गुण, साडेचारशेच्या घरात जाईल म्हणाला आणि पावती फाडली. एक लाख फी, वर अठरा टक्के जीएसटी, तीन हप्त्यांत. परीक्षेची फी, पदवी तपासणीची फी आणि कॅनडा सरकारची फी यात धरलेली नाही.

आता फाइल सांभाळणाऱ्या त्या मुलीबद्दल, कारण तिचं काम खरंच चांगलं होतं. आपल्या पदव्या कॅनडातल्या कशाच्या बरोबरीच्या आहेत याचा दाखला लागतो, तो आम्ही वेस (WES) नावाच्या संस्थेकडून घेतला. त्यासाठी विद्यापीठाकडून ट्रान्सक्रिप्ट जाव्या लागतात, आणि माझ्या सगळ्या मार्कशीटवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. हे तिने पहिल्याच दिवशी हेरलं आणि विवाह नोंदणीच्या दाखल्यापासून सगळं क्रमाने लावून घेतलं. कंपनीचं अनुभवपत्र तिने मला तीनदा परत पाठवलं. आपल्याकडे एचआर "यांनी आमच्याकडे काम केले, वर्तणूक चांगली" असं दोन ओळींत लिहून मोकळा होतो. तिकडे कामाचं स्वरूप, आठवड्याचे तास, वर्षाचा पगार, सगळं लागतं. आमचा एचआर वैतागला, पण पत्र शेवटी हवं तसं आलं. हे माझं मला जमलं असतं का? जमलं असतं, पण सहा महिने लागले असते.

आयेल्ट्स, म्हणजे इंग्रजीची परीक्षा, दोघांनीही दिली. पहिल्या वेळी मला लिस्निंग ८, रीडिंग साडेसात, स्पीकिंग ७ आणि रायटिंग साडेसहा. ऑफिसातून पेढ्यांचा फोटो आला, अभिनंदन मॅडम. रायटिंगमधल्या त्या अर्ध्या बँडची किंमत कुणी सांगितली नाही. ती मला नंतर कळली: ५७ गुण. कारण चारही विषयांत ठरावीक पातळी गाठली तरच भाषेला जोडून शिक्षणाचे आणि अनुभवाचे वरचे गुण मिळतात. एक विषय खाली राहिला की पंचवीस-पंचवीस दोन ठिकाणी गळतात, आणि वर त्या विषयाचे सात.

हे कळलं कसं, तर एका रात्री मुलगी झोपल्यावर मी कॅनडा सरकारच्या साइटवरचं गणकयंत्र उघडलं. ते फुकट आहे. एक्सप्रेस एंट्रीचं, म्हणजे गुणांवर पीआर देणाऱ्या त्यांच्या ऑनलाइन योजनेचं, प्रोफाइल भरायलाही सरकार पैसे घेत नाही, हे मी तिथेच वाचलं आणि पाणी प्यायला उठले. परत येऊन नवऱ्याचे आकडे भरले. वयाचे ६०, पदवीचे ११२, भाषेचे ८८, माझे बायको म्हणून मिळणारे, बाकीचे किरकोळ. बेरीज ३२८. साडेचारशेचं घर कुठल्या गल्लीत होतं कोण जाणे.

मग सहज म्हणून उलटं भरून पाहिलं. मुख्य अर्जदार मी, डिपेंडंट तो. मी तेव्हा चौतीसची, वेसने एम.कॉम.ला तिकडच्या मास्टर्सच्या बरोबरीचं धरलेलं, आणि दुसऱ्या प्रयत्नात रायटिंगला ७ आलेले. ४३७. त्याच दोन माणसांचा, त्याच कागदांचा फरक १०९ गुणांचा. मी नवऱ्याला उठवलं. तो डोळे चोळत स्क्रीनकडे पाहत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे मी तुझ्या पदराला बांधून जायचं?" हसलो आम्ही, पण तो त्यानंतर बराच वेळ झोपला नाही.

सकाळी फोन केला. उत्तर मिळालं: "मॅडम, सहसा सरच मेन असतात." आणि मग, "चेंज करून देऊ, अमेंडमेंट चार्ज पंधरा हजार." म्हणजे सेमिनारात दिलेली सूट परत वसूल. मी दिले नाहीत, भांडून फुकटात करून घेतलं. या पूर्ण लेखातलं एकच वाचायचं असेल तर हे वाचा: दोघांचेही आकडे दोन्ही बाजूंनी स्वतः भरून पाहा, पैसे द्यायच्या आधी.

पण ४३७ नेही काही होणार नव्हतं. सरकार अधूनमधून ड्रॉ काढतं, म्हणजे वरच्या गुणांच्या लोकांना अर्जाचं बोलावणं पाठवतं, आणि त्यातले सगळ्यात कमी गुण म्हणजे कट-ऑफ. २३ एप्रिल २०२४ च्या सर्वसाधारण ड्रॉचा कट-ऑफ ५२९ होता, आणि त्यानंतर पुढचं वर्षभर तसा ड्रॉच निघाला नाही. जे निघाले ते तिथेच काम करणाऱ्यांसाठी, प्रांतांनी निवडलेल्यांसाठी, नर्स वगैरेंसाठी, फ्रेंच येणाऱ्यांसाठी. २४ ऑक्टोबर २०२४ ला तिथल्या सरकारने २०२५ साठी पीआरचा आकडा पाच लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आणला. आमच्या ऑफिसचं पालुपद मात्र तेच: "ड्रॉ येईल मॅडम, पेशन्स ठेवा." प्रांताने निवडलं तर ६०० गुण मिळतात हे ते दर फोनला सांगत. प्रांतांचा कोटाही २०२५ साठी निम्म्यावर आला हे त्यांनी एकदाही सांगितलं नाही.

यानंतर आली ती "स्पेशल सर्व्हिस". सहा लाखांत तिकडच्या एका दुकानाचं ऑफर लेटर, त्याचे ५० गुण. रोखीने, पावती नाही. नवरा दोन दिवस गप्प होता, म्हणजे विचार करत होता. ४३७ अधिक ५० म्हणजे ४८७, तरीही कमीच, हे मी कागदावर लिहून फ्रिजवर लावलं तेव्हा विषय संपला. नोकरीची पत्रं अशी विकणं कॅनडात बेकायदा आहे, आणि या धंद्याला आळा घालायलाच त्यांनी २५ मार्च २०२५ पासून नोकरीच्या ऑफरचे गुण काढून टाकले. आम्ही सहा लाख दिले असते तर आज ते मागायला कुणाच्या दारात गेलो असतो?

आणखी एक पाहून ठेवा. फी घेऊन कॅनडाच्या अर्जात तुमच्या वतीने काम करायला तिकडचा परवाना लागतो, आणि कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सच्या साइटवर परवानाधारकांची यादी सगळ्यांना उघडी आहे. आमच्या करारातलं नाव यादीत सापडलं, नाकारत नाही. पण तो माणूस कॅनडातल्या ओंटारिओत बसतो, आणि दीड वर्षात त्याचा आवाजही आम्ही ऐकला नाही.

पैशाचा पुरावा ही घरातली सगळ्यात अवघड बैठक ठरली. २०२५ च्या नियमाने तिघांच्या कुटुंबाला २३ हजार कॅनेडियन डॉलरच्या वर रक्कम दाखवावी लागत होती, म्हणजे साधारण चौदा लाख रुपये. रोख, आपली स्वतःची, उसनी नाही. घर-जमिनीची किंमत धरत नाहीत. नाना, म्हणजे सासरे, सातबारा घेऊनच बसले होते.

"एवढ्या बागेला तिथं काहीच भाव नाही?"

"नाही नाना. बँकेतलेच पैसे बघतात."

"मंग ज्याचं इथं बरं चाललंय त्यालाच बोलावत्यात की. त्याला जायची गरज काय?"

कन्सल्टन्सीच्या सव्वा वर्षाच्या फोनांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. कॅनडात ब्रॅम्प्टनला राहणाऱ्या नवऱ्याच्या मित्राला आम्ही तो विचारला. इथे इंजिनिअर होता, तिथे तीन वर्षं झाली, वेअरहाउसमध्ये रात्रपाळी करतो. तिथे प्रोफेशनल इंजिनिअर म्हणून काम करायचं तर प्रांताचं लायसन्स काढावं लागतं, ते अजून झालेलं नाही. बेसमेंटमध्ये राहतात. परत येशील का म्हटल्यावर मात्र लगेच नाही म्हणाला. मुलं शाळेत रमली आहेत, बायकोला डे-केअरमध्ये काम मिळालं आहे, आणि रात्री उशिरा ती एकटी बसने येते तेव्हा त्याला काळजी वाटत नाही. फोन ठेवल्यावर नवरा म्हणाला, रात्रपाळी तर मी इथेही करतोच. तेव्हापासून त्याचा उत्साह ओसरला आहे. माझा उलट वाढला, ते बहुतेक त्या बसमुळे.

मध्यंतरी मला पस्तीस पूर्ण झाली आणि पाच गुण गेले. आता ४३२. वाढदिवसाला ऑफिसकडून शुभेच्छांचा मेसेज आला, त्यातही मेपलचं पान होतं.

मग ड्रॉची यादी चाळताना दिसलं की २१ मार्च २०२५ च्या फ्रेंचवाल्यांच्या ड्रॉचा कट-ऑफ ३७९ होता. ३७९! चारही विषयांत त्यांची सातवी पातळी गाठली तर माझे ६२ गुण वाढतात, म्हणजे ४९४. ऑफिसला विचारलं की हे तुम्ही का नाही सुचवलं. "फ्रेंच अवघड असतं मॅडम." त्यांच्या पॅकेजमध्ये फ्रेंच नाही, एवढंच त्याचं भाषांतर.

तर सध्या रोज पहाटे साडेपाचला ऑनलाइन क्लास. जायचं ठरलेलं नाही. वर्षभराने परीक्षा द्यायची आणि तेव्हा मुलगी, नाना, बाग काय म्हणतात ते बघायचं, इतकंच ठरलं आहे. मागच्या रविवारी दिंडोरीला ओट्यावर बसून आकडे घोकत होते. फ्रेंचमध्ये ऐंशीला स्वतंत्र शब्द नाही, चार-वीस म्हणतात. नव्वद म्हणजे चार-वीस-दहा. मला ते काही केल्या बसत नव्हतं. शेजारी आजेसासूबाई कॅरेट मोजत होत्या, त्यांनी विचारलं काय पुटपुटतेस. सांगितलं.

"त्यात काय अवघड? चार विसा अन् वर धा," त्या म्हणाल्या. अजून त्या विसाच्या हिशेबानेच मोजतात. मग थांबून म्हणाल्या, "तुमी दोघं वर्षभर विसा विसा करताय, ते हेच व्हय?"